सांगली-मिरजेत विनामूल्य भाषावर्ग कसा सुरू करावा

परभाषिकांसाठी मोफत मराठी वर्ग काढायचा ठरला की पहिली बैठक संस्थेच्या नावावर जाते, दुसरी बोधचिन्हावर. शिकणारा माणूस कुठून येणार हा विषय तिसऱ्या बैठकीत निघतो, आणि तोवर निम्मे कार्यकर्ते गळालेले असतात. या लेखातला क्रम उलटा आहे. आधी शिकणारे शोधा, मग त्यांच्याकडून आपल्याला काय शिकता येईल ते बघा. वर्ग दोन हंगाम टिकला तरच संस्थेच्या नोंदणीसाठी धर्मादाय कार्यालयाची पायरी चढा. सांगली जिल्ह्यात तर हा क्रम पाळावाच लागतो, कारण इथला परभाषिक कामगार बहुतेक वेळा हंगामाबरोबर येतो आणि हंगामाबरोबर जातो.

एक अट सुरुवातीलाच घालून घ्या. जो मराठी शिकायला येईल त्यानं वर्गात काहीतरी शिकवायचंही आहे. त्याची भाषा, त्याचं काम, त्याच्याकडचं गाणं, काहीही चालेल. यात औदार्याचा काही भाग नाही. सतत फुकट घेणाऱ्या माणसाला संकोच वाटतो, आणि संकोचलेला माणूस तिसऱ्या आठवड्यानंतर दिसत नाही.

शिकायला कोण येईल

हळदीचे सौदे चालू असताना सांगलीच्या मार्केट यार्डात तासभर नुसतं उभं राहा. मराठी, कानडी आणि तीन-चार तऱ्हांची हिंदी कानावर पडते. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कामगार आहेत. तासगाव आणि मिरज पूर्व भागात द्राक्षाच्या छाटणीला, पुढं बेदाण्याच्या शेडवर बाहेरच्या टोळ्या येतात. हा झाला डोळ्यांना दिसणारा गट.

न दिसणारे गट दोन आहेत. पहिला जतचा. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथून शिकून मुलं आयटीआयला किंवा कॉलेजला सांगलीत आली की प्रवेशाच्या अर्जापासून सगळं मराठीत समोर येतं. ही मुलं याच जिल्ह्याची, त्यामुळं त्यांना ‘परभाषिक’ म्हणणंही बरोबर नाही. त्यांना मदतीची गरज आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

दुसरा गट गलाईवाल्यांच्या घरातला. विटा, खानापूर, आटपाडी भागातली हजारो कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. त्यांची मुलं तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली ऐकत आणि शिकत वाढतात. सुट्टीत गावी आली की आजीशी मराठी बोलतात, पण गावातल्या दुकानाची पाटी अडखळत वाचतात. अशा मुलांसाठी उन्हाळ्यातला तीन आठवड्यांचा वाचनवर्ग फार उपयोगी पडतो. शिवाय हीच मुलं तुमच्या वर्गाला तमिळ किंवा बंगालीचे शिक्षक मिळवून देतात, तेही अस्सल बोलीचे.

पाहणी करताना ‘मराठी शिकायचंय का?’ असं विचारू नका. होच म्हणतील, आणि येणार नाहीत. विचारा, ‘मराठी येत नाही म्हणून गेल्या महिन्यात कुठं अडलं?’ उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत टिपा. एकाला औषधाच्या दुकानात गोळी कशी घ्यायची ते कळलेलं नसतं, दुसऱ्याला घरमालक विजेच्या बिलाबद्दल काय म्हणतो ते कळत नाही, तिसऱ्याच्या मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आलेली असते. पन्नास जणांशी बोललात की अभ्यासक्रमाचा कच्चा खर्डा तयार झाला म्हणून समजा.

टोळीच्या मुकादमाशी आधीच बोला. वर्गात हजेरी आणि मजुरीचा हिशेब वाचायला शिकवणार आहोत हे त्याच्यापासून लपवू नका. बहुतेकांची हरकत नसते, कारण कामगाराला भाषा आली की त्यांचीही डोकेदुखी कमी होते. एखाद्याची हरकत असलीच तर वर्ग त्याच्या शेडपासून लांब घ्या. आणि भाषेवरून बाहेर कितीही वाद पेटलेला असो, वर्गाच्या पत्रकात दमाची भाषा नको. मराठी शिकायला आलेल्या माणसाला मराठी शिकण्याची तंबी देण्यात काही अर्थ नाही.

जागा आणि वेळ

जागा कामगारांच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांत हवी. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा संध्याकाळी रिकामी असते. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्या, त्यात वेळ, जबाबदार व्यक्ती आणि साफसफाई कोण करणार हे लिहा. वाचनालयाची खोली, समाजमंदिर, हमालांच्या संघटनेचं कार्यालय हेही चालतं. एकाच धर्माच्या प्रार्थनास्थळात कायमचा वर्ग शक्यतो नको, काही जण न बोलता गळतात.

नदीकाठच्या भागात तळमजल्यावर पुस्तकं ठेवू नका. २०१९ च्या पुरात सांगलीत पुस्तकांचं काय झालं ते शहरानं पाहिलं आहे.

वेळ पाळीप्रमाणे ठरवा. आठवड्यातून दोन दिवस, दीड तास, एवढं पुरे. वर्ग आठ आठवड्यांचा ठेवा, वर्षभराचा नको. हळदीचा मोठा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे, द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास आणि फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, साखर कारखान्यांचं गाळप दिवाळीनंतर. हे कॅलेंडर भिंतीवर लावा आणि तुकड्या त्यात बसवा. जून हा नव्या तुकडीसाठी सगळ्यात वाईट महिना, कारण बरेच जण तेव्हा स्वतःच्या शेतीसाठी गावी गेलेले असतात.

दीड तासाची वाटणी

पहिला तास मराठी. मग दहा मिनिटं चहा, जो वर्गाचाच भाग आहे, कारण खरं बोलणं तिथं होतं. शेवटची वीस मिनिटं उलटा वर्ग: शिकणारा फळ्याशी, कार्यकर्ते बाकावर.

उलट्या वर्गात काय घ्यायचं ते आधी ठरवा, नाहीतर ‘तुमच्याकडं नमस्काराला काय म्हणतात’ यापुढं गाडी जात नाही. मिरजेच्या कार्यकर्त्यांना कानडी हवी तर दवाखान्यापासून सुरू करा: ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘हेसरु’ म्हणजे नाव, ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘बन्नी’ म्हणजे या. ‘ऊट आयता?’, म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारता आलं तरी उत्तर कर्नाटकातून आलेल्या माणसाचा चेहरा बदलतो. कार्यकर्त्यानं चुकायचं, हसू होऊ द्यायचं. मास्तर चुकतो हे दिसल्यावर विद्यार्थ्यांची तोंडं उघडतात. दुसरी कुठलीही युक्ती एवढी लवकर लागू पडत नाही.

आठ आठवड्यांत काय शिकवायचं

बाराखडीपासून सुरुवात करू नका. हिंदीवाल्यांना देवनागरी बऱ्यापैकी येते, ते कंटाळतील. उडिया, बांगला, कानडी लिपीत शिकलेल्यांना येत नाही, ते पहिल्याच दिवशी घाबरतील. पहिले दोन आठवडे फक्त ऐकणं आणि बोलणं. लिपी तिसऱ्या आठवड्यापासून, आणि ज्यांना लागते त्यांनाच, वेगळ्या कोपऱ्यात.

पहिला विषय आकडे, कारण पैसा तिथं आहे. कानडीत एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि एक नंतर. मराठीत एक आधी येतो, आणि त्यात एकोणतीस, एकोणपन्नास अशी पुढच्या दशकातून एक वजा करून बोलायची तऱ्हा. कानडी माणूस इथं हमखास अडखळतो. हिंदीवाल्याला रचना ओळखीची असते, पण रूपं वेगळी: तिकडचं पचास इथं पन्नास. शंभरपर्यंतची उजळणी घोकून घेण्यापेक्षा बाजारातली खरी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, समोर ठेवा. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती येणारी रक्कम, एवढे रकाने वाचता आले की आकडे आपोआप पक्के होतात. मग सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. वेळ आणि भाव दोन्हीकडं हेच शब्द लागतात. देवनागरी आकडे वेगळे शिकवावे लागतात. एसटीच्या पाटीवर ते असतात आणि मोबाईलवर वाढलेल्या पोरांना ते ओळखू येत नाहीत.

व्याकरण शिकवायचं, पण व्याकरण हा शब्द न उच्चारता. हिंदीला दोन लिंगं, मराठीला तीन, हा मोठा अडथळा. कोष्टक काढू नका. प्रत्येक नाम त्याच्या सर्वनामासकट द्या आणि कामाच्या जागेवरचंच द्या: तो काटा, ती पावती, ते पोतं. त्यानंतर लगेच प्रत्यय: काट्यावर, पावतीवर, पोत्यात. नाम प्रत्यय लागताना बदलतं हे समजावून सांगण्यापेक्षा वस्तू हातात देऊन वीसदा म्हणवून घ्या. ‘पावती कुठं आहे?’ ‘पोत्यावर.’ ‘पोतं कुठं आहे?’ ‘काट्यावर.’ खेळासारखं चालतं.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक दुसऱ्या आठवड्यातच घ्या. हिंदीत दोन्हीकडं ‘हम’ चालतं. इथं ‘आम्ही जेवायला जाणार’ म्हणणारा समोरच्याला वगळतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. उच्चारांत ‘ळ’ हिंदीवाल्यांना जड जातो, कानडी आणि उडिया बोलणाऱ्यांना तो घरचाच. हळद, नळ, केळं हे शब्द कानडी विद्यार्थ्यालाच शिकवायला सांगा. ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला च वेगळा आहे, हे लिपीत दिसत नाही, म्हणून कानानंच पकडवावं लागतं. त्यात पहिल्या महिन्यात फार वेळ घालवू नये. ‘चाक’चा च चुकला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

आदर मात्र चुकला तर अडतं. म्हणून ‘तू’ची रूपं पहिल्या चार आठवड्यांत शिकवूच नका. सगळ्यांशी ‘तुम्ही’, सगळ्यांना ‘दादा’, ‘ताई’, ‘मावशी’, ‘काका’. चुकून कुणाला जास्त मान दिला गेला तरी बिघडत नाही.

आता बोलीचा प्रश्न. पुस्तकात ‘काय करत आहात?’ असतं आणि यार्डात ‘काय कराय लागलाय?’ ऐकू येतं. विद्यार्थ्याला वाटतं आपण दुसरीच भाषा शिकतोय. बोलायला साधी प्रमाण मराठी आणि ऐकून समजायला सांगलीची बोली, अशी विभागणी करा. ‘हाय की’, ‘न्हाई’, ‘बसा की’, ‘कुठं चाललाय?’ असे वीस-पंचवीस तुकडे कार्यकर्त्याच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. निवृत्त शिक्षक इथं कुरकुर करतात. ऐकून घ्या, पण बदलू नका.

सहाव्या आठवड्यात दवाखाना: कुठं दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की जेवणानंतर, दिवसातून किती वेळा. रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक पाठ हवेत, आणि फोनवर स्वतः कुठं उभे आहोत ते मराठीत सांगता आलं पाहिजे. चौक, पूल, पेट्रोल पंप, देऊळ, कंपनीचं गेट, कशाच्या समोर, कशाच्या मागं. हा सराव वर्गाबाहेर रस्त्यावर घ्या.

पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या तुकडीला पुराचा पाठ सक्तीचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या सखल भागांत स्वस्त खोल्या मिळतात आणि पाणीही आधी तिथंच शिरतं. ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’, ‘पाणीपातळीत वाढ’, ‘नदीकाठच्या नागरिकांनी स्थलांतर करावं’ ही वाक्यं भोंग्यावरून ऐकल्यासारखी, जरा अस्पष्ट आवाजात म्हणून दाखवा आणि आता काय करायचं ते त्यांच्याकडून वदवून घ्या. सूचनेतल्या क्युसेकचा, म्हणजे विसर्ग मोजायच्या एककाचा, अर्थ कळला नाही तरी चालेल, ‘स्थलांतर’ कळलं पाहिजे.

शिकवणारे

कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून भाषावर्गाचे तास त्यात धरून घेता आले तर तरुण कार्यकर्त्यांची सोय होते. मात्र परीक्षेच्या महिन्यात ते येणार नाहीत, म्हणून प्रत्येक तुकडीला एक मोठ्या वयाचा माणूस जोडून द्या. गृहिणी सगळ्यात चिवट निघतात. घरमालक, किराणा, शाळा, दवाखाना हे विषय त्यांच्या तोंडावर असतात.

कार्यकर्त्याला एक संध्याकाळ प्रशिक्षण पुरतं. त्यात एवढंच सांगा की बोलणाऱ्याला मधे थांबवून दुरुस्त करायचं नाही, वाक्य संपल्यावर तेच वाक्य नीट म्हणून दाखवायचं. तुमचं बोलणं वर्गाच्या निम्म्या वेळाहून जास्त झालं तर तो वर्ग फसला.

शाळेत कधीच न गेलेले शिकणारे असतील तर त्यांना ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमाशी जोडा. १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी तो स्वयंसेवकांमार्फतच चालतो, आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात त्याची माहिती मिळते. मुलं वर्गाला येणार असतील तर दोन मोठी माणसं कायम खोलीत, दार उघडं, पालकांची लेखी संमती, आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर नाहीत. यात सवलत देऊ नका, कार्यकर्ता कितीही ओळखीचा असला तरी.

देवाणघेवाण म्हणजे स्नेहसंमेलन नव्हे

व्यासपीठ, फेटे, पाहुण्यांची भाषणं आणि शेवटी घाईघाईत एक भोजपुरी गाणं, असा कार्यक्रम टाळा. सांगलीला देवाणघेवाण शिकवावी लागू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, आणि त्याला निमित्त झालं ते कर्नाटकातून आलेल्या मंडळींच्या यक्षगान पद्धतीच्या खेळांचं. मराठी रंगभूमीची जी सुरुवात आपण अभिमानानं सांगतो तिच्यात कानडी पाहुण्यांचा वाटा आहे.

मिरजेत तर अजून सोपं आहे. तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत परवानगी घेऊन दहा-बारा जणांना न्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथून मीरासाहेब दर्ग्यात जा, जिथं गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेब उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, मिरजेत स्थिरावले, आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, म्हणजे कर्नाटकातले. उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराला हे सांगा. परत आल्यावर पाच वाक्यं मराठीत बोलायला लावा, म्हणजे सहलीचा पाठही होतो.

जेवण हा दुसरा चांगला मार्ग. महिन्यातून एकदा एका विद्यार्थ्यानं त्याच्याकडचा पदार्थ मराठीत सूचना देत करून दाखवायचा. ‘पीठ मळा’, ‘आच कमी करा’, ‘झाकण ठेवा’. लिट्टी-चोखा शिकताना आज्ञार्थ पक्का होतो.

सेवा

मिरजेच्या दवाखान्यांत विजयपूर, बागलकोट, बेळगाव भागातून रुग्ण येतात. वर्गातून बाहेर पडलेले कानडी-मराठी दोन्ही येणारे स्वयंसेवक सकाळच्या वेळी नोंदणीच्या खिडकीपाशी फार उपयोगी ठरतात. रुग्णालयाच्या प्रशासनाची लेखी परवानगी आणि ओळखपत्र घेऊनच उभे राहा. खिडकी दाखवणं, अर्ज भरणं, औषधाची वेळ समजावणं इथवर आपलं काम. शस्त्रक्रियेची संमती किंवा आजाराचं निदान समजावताना स्वयंसेवकानं एकट्यानं दुभाषा होऊ नये, डॉक्टर किंवा परिचारिका समोर हव्यात. ऐकलेलं कुणापाशी बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही.

पूर आला तर वर्गाचा व्हॉट्सॲप गटच कामाला येतो. प्रशासनाची सूचना आली की तिचा हिंदी आणि कानडी आवाजी संदेश पंधरा मिनिटांत गेला पाहिजे. कोण करणार ते मे महिन्यातच ठरवून ठेवा.

नोंदणी आणि पैसा

पहिल्या वर्षी खर्च खडू, वह्या, झेरॉक्स आणि चहाचा. तो आपापसांत वर्गणीनं भागतो. वही ठेवा, पावत्या ठेवा, बस. एखाद्या नोंदणीकृत वाचनालयाचा किंवा मंडळाचा उपक्रम म्हणून वर्ग चालवता आला तर नोंदणीची घाई उरतही नाही.

नोंदणी करायचीच झाली तर मार्ग तीन. सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली संस्था, त्याला किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. दुसरा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली थेट न्यास. तिसरा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, जी भाषावर्गाला जड पडते. पहिल्या दोन्हींसाठी धर्मादाय कार्यालयात जायचं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जुन्या संस्थांची भांडणं बहुतेक न दिलेल्या बदल अर्जांतून निघतात. दरवर्षी हिशेब तपासून दाखल करायचे. म्हणून विश्वस्तांत एक तरी माणूस कागदपत्रांची आवड असलेला घ्या, तसा माणूस भेटणं चांगल्या शिक्षकापेक्षा कठीण आहे.

देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर संस्थेला प्राप्तिकर विभागाकडं वेगळी नोंदणी करावी लागते, आणि २००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीला चालत नाही. देणगी खात्यावरच घ्यायची सवय लावलेली बरी.

परदेशी पाहुणे आणि परदेशी पैसा

परदेशातून कुणी स्वयंसेवक म्हणून यायचं म्हणाला की आपण उत्साहाच्या भरात हो म्हणून टाकतो. आधी त्याचा व्हिसा कोणता आहे ते विचारा. ई-पर्यटक व्हिसावर विनामोबदला स्वयंसेवा करायला जास्तीत जास्त एक महिन्याची मुभा आहे. त्याहून मोठा काळ असेल तर वेगळा व्हिसा लागतो. पाहुणा कुणाच्या घरी उतरणार असेल तर यजमानानं २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात सांगून ठेवलेलं चांगलं.

असा पाहुणा जाताना पाकीट पुढं करतो. ते घेऊ नका. परदेशी नागरिकानं दिलेला पैसा रुपयांत असला तरी तो विदेशी देणगी ठरतो, आणि विदेशी योगदान नियमन कायदा २०१० खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय तो घेणं गुन्हा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातेवाइकानं स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम मात्र यात मोडत नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे एवढं विचारून, त्याची प्रत पावतीला जोडून ठेवा.